सज्ज्याखालची सावली

आसारामबापूंच्या कानाला गावात जेवढा मान होता, तेवढा पाटलाच्या पागोट्यालाही नव्हता. बापू जातीचे शेतकरी, चार एकर खडकाळ रानाचे धनी. पण शेवगावपासून घोडेगावपर्यंत कुणाला विहीर पाडायची असली की बापूंना बोलावणं यायचंच. बापू पहार उभी धरून खडकावर तीन ठोके द्यायचे, मान तिरकी करायचे आणि सांगायचे, खडक भरीव आहे, पोकळ आहे, की आतून चिरलेला आहे. ते ठोके देत असताना कुणी बोलायचं नाही अशी रीतच पडली होती. बैल जवळ असले तर त्यांच्या घंटांमध्ये चिंध्या कोंबायचे. लोक हसायचे, पण कोंबायचे.

तो कान गेला होता. दोन वर्षांपूर्वी एका विहिरीत सुरुंग वेळेआधी उडाला, आणि तेव्हापासून बापूंच्या डोक्यात रातकिडे बसले ते बसलेच. जवळून मोठ्यानं बोललेलं कळायचं. बाकीचं ते तोंडाकडे बघून ताडायचे, नाहीतर सरळ ‘व्हय’ म्हणून मोकळे व्हायचे. ही गोष्ट जगात आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असं बापू समजून होते. माणूस आपलं झाकलेलं किती झाकलं गेलंय याचा हिशेब नेहमी चुकीचा मांडतो, पण ते पुढे येईलच.

त्र्याहत्तरचा वैशाख होता. सलग दुष्काळानं रानाची राख झालेली, जनावरं छावणीत, आणि अर्धं गाव दुष्काळी कामावर गावकीची विहीर पाडत होतं. आदल्या दिवशीच्या सुरुंगानं विहिरीच्या दक्षिण अंगाला काळ्या कातळाचा एक थर तसाच पुढे राहिला होता, घराच्या सज्ज्यासारखा. त्याच्या डोक्यावर मुरूम, आणि मुरमाच्या वर काठावर उपसलेल्या मालाचा भलामोठा ढीग. सज्ज्याखाली मात्र गार सावली पडली होती. उन्हानं करपलेल्या बाया पाट्या टाकून तिथंच टेकू लागल्या होत्या.

सकाळी मुकादम काकासाहेबानं बापूंना विहिरीत उतरवलं. “बापू, तेवडा कातळ बगा. ठेवायचा का पाडायचा?”

सगळे गप्प झाले. बापूंनी ठोका दिला. दुसरा दिला. तिसरा दिला. हाताला झिणझिण्या आल्या, कानाला काही आलं नाही. पन्नास डोळे त्यांच्या तोंडाला लागलेले. बापूंनी मान तिरकी केली, सवयीनं, आणि म्हणाले, “भरीव हाय. चालू द्या.”

काम चालू झालं. बापू पायऱ्या चढून घरी आले, पण ‘भरीव’ हा शब्द काही डोक्यातून जाईना.

घरी त्यांचा मुलगा कानिफनाथ आठ दिवसांपूर्वी आला होता. कानिफ मुंबईला रेडिओचं शिकला, पुढे विलायतेला गेला, आणि तिथल्या एका तुकडीबरोबर थेट दक्षिण ध्रुवावर विमानातून बर्फ मोजायला. गावानं हे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पगार बर्फातच देत्यात का?” कानिफ हसला. बापूंना मात्र पोराची एक गोष्ट फार आवडली होती. तीन महिने विमानाच्या घरघरीत काढल्यानं त्याला ओरडून बोलायची खोड लागली होती, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणाचं बोलणं बापूंना सबंध ऐकू येत होतं. पोरगं परत जाऊ नये असं त्यांना वाटायचं, त्यातलं निम्मं कारण हेच होतं.

दुपारी दोघे जेवायला बसले. बापूंची बायको रंगुबाई चुलीपुढे होती.

“बर्फ वरनं मोजता, मंग खालचं कसं कळतं?” बापूंनी विचारलं.

“आई घोडेगावच्या बाजारात मडकं कसं घेती? टिचकी मारूनच ना?” कानिफ म्हणाला. “तसंच, दादा. विमानातनं रेडिओची लहर खाली सोडायची. थोडी बर्फाच्या माथ्यावरनं परत येती, थोडी आत शिरून बुडापासनं परत येती. दोन्हीतला वेळ मोजला की जाडी कळती. जमिनीवरचा बर्फ सरकत सरकत समुद्रावर येतो अन् सज्ज्यावानी पुढं निगतो. आपल्या चार-चार तालुक्यांएवढा येक सज्जा. वरनं बगाल तर पांढरं सपाट, विमान उतरवा खुशाल. पन खालनं समुद्र त्याला चाटून चाटून पातळ करतोय.”

“पडला तर?”

“तो नुसता पडत न्हाई. त्याच्या टेक्यानं मागचा सगळा बर्फ थोपलाय. टेका गेला की मागचं बी समुद्रात निगतं. कवा, ते कुनालाच ठाऊक न्हाई. धा वर्सं म्हना, दोनशे म्हना.”

बापूंच्या हातातला घास तसाच राहिला. सज्जा, वरचा मुरूम, मुरमावरचा ढीग. त्यांनी विचारलं, “अन् येकांद्या ठिकानी काईच ऐकू आलं न्हाई तर? यंत्र बिगडलं, समज.”

“तर तेवडी जागा कागदावर कोरी सोडायची.”

“अंदाज न्हाई करायचा? तुमी तर जानते मान्सं.”

“जानत्यानंच करायचा न्हाई, दादा. आमी रेघ वढली की ती खरी म्हनून कुनी तरी तिथं जाऊन तंबू ठोकनार.”

बापूंनी घास ताटात ठेवला, पाणीही न पिता उठले, कोपऱ्यातली पहार घेतली आणि अनवाणीच निघाले. रंगुबाईनं तवा उतरवला आणि पदर खोचून मागे गेली. कानिफ उष्ट्या हातानं बघत राहिला, मग तोही धावला.

विहिरीवर जेवणाची सुट्टी होती. सगळ्या बाया सज्ज्याखालच्या सावलीत भाकऱ्या सोडून बसल्या होत्या. कडूबाई तर कातळाला पाठ लावून डोळे मिटून बसली होती. बापूंनी वरूनच ते पाहिलं.

“वर या!” ते ओरडले. “समद्या वर या! भाकरी ऱ्हाऊ द्या तिथंच!”

त्यांचा तो आवाज ऐकून बाया उठल्या, धडपडत वर आल्या. काकासाहेब पळत आला. “काय झालं, बापू? सकाळी तर भरीव म्हनलात!”

आता दोन वाटा होत्या. सकाळपासून ऊन चढलंय, कातळ तापला की फिरतो, असं काहीबाही सांगितलं असतं तर गावानं मानलंही असतं. बापूंच्या कानाचा शब्द होता तो. बापूंनी कडूबाईकडे पाहिलं. तिच्या हातात अजून अर्धी भाकर होती.

“सकाळी मला आवाजच आला न्हाई,” बापू म्हणाले. “दोन वर्सं झाली, येत न्हाई. मी खोटं बोललो.”

कुणी काही बोललं असेल तर ते बापूंना ऐकू आलं नाही. त्यांना फक्त तोंडं दिसत होती. काकासाहेबाचं उघडं राहिलेलं, कडूबाईचं हळूहळू आवळत गेलेलं. आयुष्यभर कमावलेलं नाव एका वाक्यात धुळीला मिळालं, आणि ते धुळीला मिळवणारे आपणच, हे त्यांना लख्ख कळत होतं. लाजेनं त्यांना मान वर करवेना.

तेवढ्यात त्यांच्या दंडाला धरून रंगुबाई पुढे झाली आणि कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाली, “तुमी ठोका. मी ऐकते.”

“तुला काय कळतंय?”

“दोन वर्सं कुनी काय इचारलं की शेजारी हुभी राहून तेच मोठ्यानं परत कोन म्हनत हुतं? मला काय येड लागलं हुतं व्हय?”

बापू तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. खरंच की. ‘पान्याचं इचारत्यात, पान्याचं!’ ‘जेवलात का म्हन्तोय त्यो!’ म्हातारीला बडबडायची सवय लागली म्हणून ते तिच्यावर कितीदा तरी खेकसले होते.

कमरेला दोर बांधून बापू बाजूच्या पायरीवर उतरले. वरच्या पायरीवर रंगुबाई पालथी पडली आणि तिनं कातळाला कान लावला. गाव चिडीचूप झालं. बापूंनी तीन ठोके दिले. रंगुबाईनं आधी पायऱ्यांच्या अंगाला ऐकलं, मग सज्ज्याच्या अंगाला. पुन्हा ठोकायची खूण केली. मग उठून बसली.

“ह्या अंगाला खणखणीत हाय,” ती म्हणाली. “त्या अंगाला बद्द वाजतंय. तडकलेल्या मडक्यावानी.”

बाजारात मडकं परत ठेवताना ती हेच म्हणायची. काकासाहेबानं वाद घातला नाही. दोघांना वर घेतलं, सगळ्यांना लांब उभं केलं, आणि कानिफसकट सहा गड्यांनी कमरेला दोर बांधून बाजूच्या पायऱ्यांवरून, बद्द वाजलं तिथं सापडलेल्या भेगेत लांब पहारी घातल्या. तिसऱ्या रेट्याला तो हलला. गडी मागे पळाले.

बापू पाठमोरे उभे होते, त्यांना बघवेना. तळपायाखाली जमीन हादरली, एकदा, मग दुसऱ्यांदा, मोठ्यानं. अंगावरून धूळ गेली. आतापर्यंत असं काही झालं की ते लोकांची तोंडं न्याहाळून काय ते ओळखायचे. या वेळी त्यांनी वळून, सगळ्यांच्या देखत, बायकोला विचारलं, “पडलं का गं?”

“पडलं,” रंगुबाई म्हणाली. “मागचं भिताड बी गेलं. वरचा ढीग बी.”

कडूबाई काठाशी जाऊन आली. सावलीच्या जागी आता मुरमाचा डोंगर होता, भाकऱ्या त्याच्या तळाशी. ती बापूंसमोर येऊन उभी राहिली. शिव्या द्यायलाच आली असावी. डोळे तसे होते. मग तिनं हातातली अर्धी भाकर मोडली, एक तुकडा बापूंच्या हातावर ठेवला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन जोरात म्हणाली, “बापू, जेवन टाकून आलात ना? खावा!”

बापूंना ते सगळं ऐकू आलं.