कार्डाची मागची बाजू

अमरावतीच्या वाचनालयात 'काहून'वरचा माहितीपट दाखवला गेला, तेव्हा सहदेवराव गावंडे पन्नास मिनिटं पडद्यावर स्वतःची वाट पाहत बसले होते.

'काहून', म्हणजे वऱ्हाडीत 'का', हा चौघांचा बँड, अकोल्यात जमलेला. पंक म्हणतात त्या जातीचं त्यांचं संगीत. गिटारीवर तेच ते तीन-चार सूर, ड्रम आता फुटतो की काय असा बडवलेला, आणि वऱ्हाडीतले शब्द घशाच्या शिरा ताणून ओरडलेले. कुठल्या कंपनीच्या दारात ते कधी गेले नाहीत. गाणी स्वतःच करायची, स्वतःच लोकांपुढे ठेवायची. शब्द लिहिणारा आणि गाणारा अंकुर. तो मूळचा अमरावतीचा, आणि सहदेवरावांच्या मते त्यांचा स्वतःचा.

सहदेवराव चौतीस वर्षं याच वाचनालयाचे ग्रंथपाल होते. बारा वर्षांचा अंकुर उन्हाळ्यात पंख्याखाली बसायला म्हणून यायचा. त्यांनी त्याला कुलुपाच्या कपाटातली पुस्तकं काढून दिली, तीही स्वतःच्या नावावर. ओळ कुठे तोडावी हे या पोराला कुणी शिकवलं? आपणच, असं त्यांना वाटे. लगेच वाटे, नसेलही. पंख्यानेच शिकवलं असेल. तरी माहितीपट येतोय कळल्यावर त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. कुठं वरातीले निघाले का, असं पत्नीनं, माणिकबाईंनी, विचारलं तेव्हा ते चपला शोधत राहिले.

पडद्यावर अंकुरची आई आली, शाळा आली. वाचनालयाची पाटीसुद्धा आली, धावत्या ऑटोतून दिसावी तशी. मग आले खुशालराव.

खुशालराव म्हणजे अकोल्यातल्या एका डाळ गिरणीचे मिस्त्री. कॉलेजात असताना या पोरांना वाजवायला कुणी जागा देईना, तेव्हा यांनी गिरणीमागची शेड उघडून दिली होती, ड्रमचा मोडका स्टँड वेल्डिंग करून दिला होता. ग्रीसचे हात पुसत ते सांगत होते, "म्या म्हनलं, असं हळू हळू काय वाजवून राहिले? मशीनच्या वरतून मले आयकू आलं पायजे. मंग ते तसे वाजवाले लागले." सभागृह हसून आडवं झालं. आणि अंकुर पडद्यावरून म्हणाला, की आमचा गुरू म्हणाल तर हाच माणूस.

सहदेवरावांनी घड्याळ लावून पाहिलं. अकरा मिनिटं. ज्या माणसाला पडद्यावरही वर्तमानपत्र वाचताना बोट फिरवावं लागतं, त्याला अकरा मिनिटं.

वाचनालयाची एक रीत होती. कुठलाही कार्यक्रम झाला की श्रोत्यांनी अभिप्राय लिहायचे आणि ते पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवायचे. कॉम्प्युटर आल्यापासून पुस्तकांची जुनी यादी-कार्डं रद्दी झाली होती. प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड, खाली सळईसाठी भोक, एका बाजूला सहदेवरावांच्या वळणदार अक्षरात पुस्तकाचं नाव, दुसरी बाजू कोरी. ती कोरी बाजू अभिप्रायाला. त्या दिवशी शेतीच्या खणातली कार्डं वाटली गेली. एक्केचाळीस भरून आली.

माहितीपट करणारी आकांक्षा जाताना म्हणाली, पुढच्या रविवारी अकोल्याला खेळ आहे, बँड येणार आहे, तर काका, हे अभिप्राय तुम्हीच तिथे वाचा. मी शूट करते. शेवटी जोडायचे आहेत.

घरी त्यांनी कार्डं वेगळी लावली. सतरा कार्डांवर खुशालराव. 'मिस्त्रीकाका एक नंबर.' 'असे गुरू सर्वांना मिळोत.' 'मिस्त्रीवरच वेगळा पिक्चर काढा.' ग्रंथपालाविषयी कुणी काही लिहिलं नव्हतं. लिहिणार कसं? तो तिथं नव्हताच. हे त्यांना पटत होतं, आणि पटल्याने काही कमी होत नव्हतं. सतरा कार्डं त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली.

मग डाव्या हाताने, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून, त्यांनी बेचाळिसावा अभिप्राय लिहिला: 'या पोट्ट्याले ज्यानं पुस्तकं देल्ली तो मानूस पिक्चरमदी काहून नाही?' कोरं कार्ड हवं होतं, म्हणून घरी आणलेल्या कवितेच्या खणातल्या गठ्ठ्यातलं वरचं घेतलं. चष्मा कपाळावर होता. कार्ड उलटून पाहायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

अकोल्याला खुशालराव दारातच भेटले. नव्या सदऱ्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. त्यांनी दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि लाजत विचारलं, "भाऊ, माह्यं काई लिवलं का कोनं?"

"पाहू," सहदेवराव म्हणाले.

खेळ झाल्यावर चौघं मंचावर बसले. आकांक्षा कॅमेऱ्यामागे. सहदेवराव माइकपाशी उभे राहून एकेक कार्ड छातीशी धरून वाचू लागले. आवाज बरा लागला. कुणी गाण्यांचं कौतुक केलं होतं, कुणी शिव्या कमी करा म्हटलं होतं, एका आजोबांनी कान दुखल्याची तक्रार केली होती. लोक हसत होते. पुढच्या रांगेतले मात्र भलत्याच ठिकाणी हसत होते, कारण त्यांना कार्डाची दुसरी बाजू दिसत होती: 'संत्रा लागवड', 'ज्वारीवरील कीड'. त्याच रांगेत बसलेले खुशालराव पुढे वाकून ओठ हलवत प्रत्येक कार्ड जुळवून वाचत होते आणि आपलं नाव यायची वाट पाहत होते. चोवीस कार्डं झाली. नाव आलं नाही.

सहदेवरावांनी शेवटचं कार्ड धरलं आणि वाचलं. अंकुरनं मान वर केली.

"हे कोनं लिवलं, काका?"

"नाव नाही."

"नाव हाय ना, भाऊ," खुशालराव उठून उभे राहिले. आपल्याला मदत करता येतेय याचा त्यांना आनंद झाला होता. "मांगच्या बाजूले हाय. सावलीचे... वर्गी... करन. कविता. सहदेव गावंडे."

मागच्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या. सहदेवरावांनी कार्ड उलटलं. स्वतःच्याच हातचं ते अक्षर, एकोणीसशे ब्याण्णवचं. यादी रद्दीत निघाली त्या दिवशी हे एक कार्ड त्यांनीच गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवलं होतं.

अंकुर मंचावरून उतरून जवळ आला. माइकपासून दूर, हळू बोलला. "तुमचं पुस्तक हाय? मले काहून नाही देल्लं?"

"तू मागितलं नाहीस."

"मालूमच नव्हतं तर मांगू कसा? तुमी जे देल्लं ते समदं वाचलं मी, काका. ज्याचं पुस्तक तुमी देल्लं त्याचं नाव तुमी सांगितलं. तुमचं तुमी कधी सांगितलंच नाही."

घरी पलंगाखाली त्या पुस्तकाच्या दोनशे तीस प्रती होत्या. चांगल्या कवींची पुस्तकं देत असताना मध्येच आपलं कसं द्यायचं, असं वाटून त्यांनी ते कधी काढलं नव्हतं. पण हे चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. वेळ संपली, असं काहीतरी पुटपुटून ते खाली बसले. खिशातली सतरा कार्डं बरगडीला टोचत होती. खुशालराव शेजारी येऊन बसले. आपलं काही आलं नाही, हे त्यांनी मनावर घेतलेलं दिसलं नाही. किंवा घेतलंही असेल. त्यांनी फक्त सहदेवरावांचा नंबर मागून घेतला. अंकुरही मग त्यांच्याजवळ आला आणि बोलता बोलता खुशालरावांच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला. सहदेवरावांनी तो हात पाहिला, आणि पाहतच राहिले.

दोन महिन्यांनी माहितीपट मोबाइलवर आला. शेवटी प्रेक्षकांचे अभिप्राय होते. सहदेवरावांना चार सेकंद मिळाले होते: चेहरा नाही, नुसता हात आणि हातातलं कार्ड. पुस्तकाचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. त्यावर आवाज होता खुशालरावांचा. नाव हाय ना, भाऊ. मांगच्या बाजूले हाय.

ते त्यांनी अकरा वेळा पाहिलं. खाली लोकांनी लिहिलं होतं: 'हा आवाज मिस्त्रीकाकांचाच ना? लय भारी.' त्याला दोनशे अंगठे. एकाने विचारलं होतं, हे पुस्तक कुठे मिळेल. त्याला एकही नाही.

संध्याकाळी खुशालरावांचा फोन आला. "भाऊ, ते खालचे अक्षरं लय बारीक हाये. मले वाचता येत नाही. लोकं काय म्हनतात, सांगा ना वाचून."

सहदेवरावांनी वाचायला सुरुवात केली. आवाजाविषयीच्या ओळीपाशी थांबले.

"लाइन कटली का?" पलीकडून आवाज आला.

त्यांनी ती ओळ वाचली. पलीकडे खुशालराव हसले, लहान पोरासारखे. मग सहदेवरावांनी उठून टेबलाचा खण उघडला, सुतळीने बांधलेली सतरा कार्डं काढली, चष्मा नीट लावला.

"आणखी आहेत," ते म्हणाले. "अमरावतीची. तेव्हा वाचायची राहिली होती."

आणि त्यांनी पहिलं कार्ड वाचलं, जरा भरभरच.