नऊ दिवसांचा पाऊस

“काका, मापनळीसुद्धा जमा करावी लागेल,” खात्याच्या कार्यालयातल्या ऋचा मॅडम म्हणाल्या. नाथाजींनी ती काचेची नळी आधी टॉवेलानं पुसली आणि मगच टेबलावर ठेवली.

मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावर, नाथाजींचं पर्जन्यमापक केंद्र होतं. केंद्र म्हणजे काय, तर तारेचं कुंपण आणि मध्ये पुरलेलं एक नळकांडं. रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी नळीत ओतायचं, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. एकतीस वर्षांत एकही रकाना कोरा नव्हता.

“आवं, पर पाऊस तर पडतूयच की. खातं बदललं म्हून थांबतूय व्हय त्यो?”

मॅडम हसल्या. वयानं लेकीएवढ्या, पण न कंटाळता समजावणाऱ्या. “बघा काका, कुठलं काम कुठल्या खात्याचं, त्या खात्याचं नाव काय, हे राज्यपालांच्या नावानं निघालेल्या नियमांत लिहिलेलं असतं. तुमचं जुनं खातं आज मोडलं. नव्याचं नाव राजपत्रात छापून आलं की ते जन्मलं. तोवर सगळ्या वस्तू कुलपात.”

“मंग मधला पाऊस कुणाचा?”

“कुणाचाच नाही.”

नाथाजींना हे शब्द वाटभर पुरले. घरी परतताना धुकं रस्त्यावर उतरलं होतं. भातखाचरांवर पाऊस पडत होता आणि तो कुणाचाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी साडेआठला पाय आपोआप कुंपणाकडे वळले. हात मोकळे. तिसऱ्या दिवशीही तेच. चहाचा कप पुढं करत त्यांची बायको मनुबाई म्हणाल्या, “तांब्यानं मोजा की. घरात तीन हायती.”

“तांब्या सरकारी न्हाई.”

“आन् पाऊस हाय व्हय सरकारी?”

सहाव्या दिवशी नळकांडं काठोकाठ भरून वाहू लागलं. ते पाणी गवतात शिरताना नाथाजी कितीतरी वेळ बघत उभे होते. झोपेत कुणीतरी हाक मारावी आणि तोंडातून ओ निघू नये, तसं त्यांना झालं होतं.

दहाव्या दिवशी कार्यालयातून बोलावणं आलं. राजपत्र आलं होतं. मॅडमनी वाचून दाखवलं: नवं खातं एक तारखेपासूनच अस्तित्वात आल्याचं मानण्यात येईल.

“म्हंजी त्ये नऊ दिस खातं हुतं?”

“कायद्यानं होतं.” मॅडमनी वही पुढं सरकवली. आवाज खाली आणला. “आणि सातपेक्षा जास्त दिवस कोरे असलेलं केंद्र बंद करायचं, असंही आलंय. तुम्हाला साताऱ्याला आवक-जावकच्या टेबलावर बसवतील. पलीकडच्या खोऱ्यात दुसऱ्या खात्याचं केंद्र आहे, तिथले आकडे आहेत माझ्याकडे. त्यात थोडं कमीजास्त करून लिहा. मी सही करते.”

“थोडं म्हंजी किती?”

मॅडमनी आकड्यांचा कागद वहीशेजारी ठेवला.

नाथाजींनी पेन घेतलं. मंगळवारचा तिरपा पाऊस त्यांना आठवत होता. शुक्रवारी दुपारी पाचच मिनिटं पडलेलं ऊन आठवत होतं. सगळं बघितलेलं होतं, मोजलेलं काहीच नव्हतं. त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात पहिल्या रकान्यात लिहिलं: पाऊस पडला. मोजला नाही. मग दुसऱ्या रकान्यात तेच. असं नऊ वेळा.

“काका, निदान कारण तरी लिहा. नळी जमा होती म्हणून.”

“कारन लिवलं की इचारत्याल, खातं हुतं तर नळी कुनी नेली. तुमचं नाव येईल. नवी नोकरी हाय तुमची.”

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. मग वही आपल्याकडे ओढली आणि नऊही ओळींपुढे एकेक सही केली. कारणाच्या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलं: मापनळी माझ्याकडे होती.

नाथाजींनी ते वाचलं. खिशातून कुंपणाच्या फाटकाची पावसानं ओली झालेली किल्ली काढली आणि जमा करायला टेबलावर ठेवली, वहीला ओल लागू नये म्हणून जरा लांब.