पिंपातले सदरे

माझा नवरा कोझिमो जूनमध्ये गेला. ऑगस्टमध्ये टोमॅटो पिकले. त्याला आता चाळीस वर्षं होतील. बाटल्या भरल्या त्या दिवसाचं सगळं आठवतं. मला काय वाटत होतं तेवढं मात्र आठवत नाही. काही वाटत नसावं.

सकाळीच माझी नणंद तेरेझिना आली. दोघींनी टोमॅटो उकळले, यंत्रातून रस काढला, बाटल्या भरल्या. प्रत्येकीत बेसिलचं एक पान. दर पाचव्या बाटलीत मी तिखट मिरची टाकली आणि गळ्याला लाल दोरा बांधला.

“वहिनी, आता तिखट कोण खाणार?”

माझे हात थांबले नाहीत. तिखट आठ झाल्या, दरवर्षीइतक्याच.

मग अंगणातलं पिंप. बुचं लावलेल्या बाटल्या त्यात पाण्यात उकळल्या की वर्षभर टिकतात. पण उकळताना त्या एकमेकींवर आपटतात, म्हणून मध्ये चिंध्या कोंबायच्या. आमच्या घरी चिंध्या म्हणजे कोझिमोचे सदरे. दर ऑगस्टला मी एक फाडायची आणि तो ओरडायचा, “अगं, अजून दोन उन्हाळे निघाले असते त्यात!”

“मग सदरा घालून कोरडा पास्ता गीळ,” मी म्हणायची.

“चिंध्या कुठायत?” तेरेझिनानं विचारलं.

“नाहीत.”

“कपाटात काय आहे मग?”

कपाटात पाच सदरे होते, इस्त्री केलेले. मी बाटल्या तशाच रचल्या. ती पिंपाखाली लाकडं सारत राहिली.

पाण्याला उकळी आली तसा किणकिणाट सुरू झाला. मी खुर्चीवर बसून ऐकत होते. पहिली बाटली फुटली तेव्हा पाणी गुलाबी झालं. मग दुसरी. तिसरी.

“अगं, वर्षाचं जेवण जातंय!” तेरेझिनानं जळती लाकडं ओढून काढली. “तो असता तर अंगातला काढून दिला असता त्यानं. ऊठ!”

मी उठले. निळ्या रेघांचा सदरा आणला, पांढरा आणला. कात्री घेऊन पायरीवर बसले.

“फाड की!”

“बटणं काढू दे.”

“बाटल्या फुटतायत आणि तू बटणं काढतेस?”

“बटणं कधी टाकली आहेत का आपण?”

पांढऱ्याची सात, निळ्याची सहा. एक आधीच तुटलेलं होतं, ते लावायचं माझ्याकडून राहिलं होतं. मग दोन्ही सदरे फाडले. तेरेझिनानं काठीनं ते बाटल्यांमध्ये खोल कोंबले. आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी गार पाण्यातून एकतीस बाटल्या निघाल्या. लाल दोऱ्याच्या सात होत्या. हिवाळ्यात त्या मी एकटीनं संपवल्या. मला तिखट सोसत नाही.