पडलेल्या छताचं गाणं

तपासणी समिती येणार म्हणून जळकोटच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय चर्चासत्र ठरलं. संस्थाचालक भगवानरावांनी दीपमालाला बोलावलं. ती इतिहास शिकवायची, तासिका तत्त्वावर. पक्की होण्याची वाट बघत.

"म्याडम, परदेशातलं काहीतरी वाचा. लांबचं असलं की कुणी भांडत न्हाई."

दीपमालानं चेक लोकांची बाजारगाणी निवडली. सोळाव्या शतकापासून तिकडं खून, पूर, शेपटीचा तारा असं काही झालं की गाणं रचून स्वस्त कागदावर छापायचे. वर ठशाचं चित्र, खाली 'अमुक चालीवर म्हणावं'. रचणाऱ्याचं नाव बहुधा नसायचंच. विकणारा जत्रेत गाऊन दाखवायचा. गाणी खपायची, फक्त सरकारला खपायची नाहीत.

सभागृह पेंगत होतं. मग तिनं स्वतः रचलेल्या नमुन्याचे कागद वाटले. प्रागचा धूमकेतू इथं कुणाला कळणार? तिनं मुलींच्या वसतिगृहाचं छत घेतलं होतं. ते उद्घाटनाआधीच कोसळलं होतं; आत कुणी नव्हतं हे नशीब. चाल गोंधळाची.

"वाळू भरली पोतं पोतं, सिमिट चिमूटभर,
फीत कापायच्या आधीच बाई, छत जमिनीवर!"

पोरी बाकं वाजवायला लागल्या. भगवानरावांनीही सवयीनं टाळ्या वाजवल्या, मग एकदम थांबले. वसतिगृह त्यांच्या मेव्हण्यानं बांधलं होतं.

"कागद गोळा करा सगळे!"

झालं. संध्याकाळी बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं उभं राहायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं आलं. दीपमाला राजीनामा घेऊनच गेली.

"राजीनामा कशाला? लई भारी लिहिता तुमी. आता माझ्यावर लिहा. पक्की ऑर्डर काढतो."

तिला संताप आला. मग 'पक्की ऑर्डर' हे शब्द तिनं मनात एकदा म्हणून पाहिले, आणि संताप जरा सरकून बसला.

तिचं 'शिक्षणमहर्षी' हे गाणं छापून आलं. ठशाच्या जागी गॉगल लावलेले भगवानराव. बाजारात फुकट वाटलं. लोकांनी घेतलं, त्यात भजी बांधली. गायलं कुणीच नाही.

भगवानरावांनी दीपमालाला घरी बोलावून फैलावर घेतलं. शेवटी बायकोच्या, तुळजाबाईंच्या, हातात कागद दिला. "तू तरी म्हणून दाखव."

तुळजाबाईंनी तो नीट वाचला. "ह्यात मेलं कोण? पडलं काय?"

"कुणी मेलं न्हाई, काई पडलं न्हाई. माझी कीर्ती हाय."

"मंग गायचं कशाला?"

दीपमालाला हसू फुटत होतं. तिनं ते गिळलं. ऑर्डरवर सही अजून व्हायची होती.