ठप्पा मारलेलं रक्त

रविवार, सकाळचे साडेदहा. झाशी, इलाइट चौराह्यामागच्या गल्लीतली पहिल्या मजल्यावरची खोली. टेबलावर काचपट्टी, सुई, स्पिरिटचा कापूस. समोर तीन माणसं: वॅगन कारखान्यातले फिटर निरंजन, त्यांची बायको रेवा आणि बारावीतली मुलगी स्वराली. ही मुलगी निरंजनची आहे का, हा प्रश्न तिघांच्या मध्ये बसला होता आणि तोंडाने कोणी काढत नव्हतं.

मी त्या टेबलावरचा सूक्ष्मदर्शक बोलतोय. अलीकडची गोष्ट आहे आणि माझ्यासमोर घडलेली आहे.

माझा जन्म अंबाल्याचा. झाशीच्या एका शाळेने मला मागवलं आणि कपाटात घालून कुलूप लावलं. नऊ वर्षं. तपासणीला साहेब येत तेव्हा माझी धूळ पुसायची, साहेब गेले की पुन्हा कुलूप. मुलं फोडतील म्हणे. एकाही मुलाने फोडलं नाही, कारण एकालाही हात लावू दिला नाही. याला सांभाळणं म्हणायला मी तयार नाही.

मला सोडवलं पुष्पाबाईंनी. त्या तिथे जीवशास्त्र शिकवायच्या. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ पुढे आला तेव्हा म्हणाल्या, "शाली माझ्याकडे चार आहेत. कपाटातला तो द्या."

त्या दिवसापासून मी त्यांच्या शिकवणीत आहे. कांद्याचा पापुद्रा, डबक्यातलं पाणी, मुलांच्या गालाच्या आतल्या पेशी, सगळं पाहिलं. छावणीतली, रेल्वे कॉलनीतली मुलं येतात, अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी बोलतात. उत्क्रांती शिकवताना एकाने विचारलं, "मॅम, बंदर से आदमी बना, तो ये छत वाले बंदर क्यों नहीं बने?"

बाई म्हणाल्या, "ते तुझे पणजोबा नाहीत रे, लांबचे चुलतभाऊ आहेत. चुलतभावाला विचारतोस का, तू अजून मी का नाही झालास?"

अशा बाईंकडूनही चूक झाली. आनुवंशिकता आली की त्या प्रत्येकाला घराण्याचा नकाशा काढायला लावतात. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आत रक्तगट. मुलांचा गट त्या स्वतः तपासायच्या, आईवडिलांचा मात्र घरून लिहून आणायचा. स्वरालीने फळ्यावर लिहिलं: आई ओ, बाबा एबी. तिचा स्वतःचा गट आला ओ.

केयूर हुशार मुलगा. मोठ्याने म्हणाला, "एबी का बच्चा ओ? ये तो हो ही नहीं सकता."

पुस्तकाप्रमाणे तो बरोबर होता. बाईंनी फळा पुसला, पण उशीर झाला होता. दोन दिवसांत ती गोष्ट रेल्वे कॉलनीत पोचली. स्वराली शिकवणीला यायची थांबली. रेवाताई जिन्यात आल्या की बाकीच्या बायकांचं बोलणं थांबायचं. तेव्हा बाईंनी घरी फोन केला आणि तिघांना बोलावलं.

निरंजनने मोबाइलच्या कव्हरमागून प्लास्टिकमध्ये बंद केलेलं रक्तगटाचं कार्ड काढलं, त्यावर एबी. मोहल्ल्यातल्या कुठल्याशा शिबिरात मिळालेलं. "ठप्पा आहे ताई, चुकीचं कसं असेल? आणि मला तपासायचंच नाही. पोरगी माझी आहे. विषय संपला."

"तुमचा संपला असेल," रेवाताई म्हणाल्या. "माझा जिन्यात रोज सुरू होतो. काढा रक्त."

बाईंनी बोट टोचलं. काचपट्टीवर रक्ताचे दोन थेंब, एकात ए ओळखणारं निळं औषध, दुसऱ्यात बी ओळखणारं पिवळं. पिवळ्यातलं रक्त लगेच गुठळलं, म्हणजे बी आहे. निळ्यातलं गुठळलं तर कार्ड खरं. बाईंनी पट्टी हलवली, थांबल्या, मग खात्रीसाठी तो थेंब माझ्याखाली सरकवला. पेशी सुट्या होत्या. सगळ्या. बाईंनी नवी पट्टी घेऊन पुन्हा तपासलं. तेच.

"बी," बाई म्हणाल्या. "बी बाप आणि ओ आई, ओ मुलगी होऊ शकते. पुस्तकातलंच साधं उदाहरण आहे. चूक माझी, रेवा. कार्डावरचा गट न तपासता मी फळ्यावर लिहू दिला."

स्वरालीने माझ्या नळीला डोळा लावला आणि बराच वेळ उचलला नाही. निरंजन कार्डाकडे बघत होते. "सात वर्षं हे खिशात आहे. अपघात झाला असता आणि यावर विसंबून कोणी रक्त चढवलं असतं तर?"

"मेला असतात," रेवाताई म्हणाल्या, आणि मग पहिल्यांदा रडल्या.

केयूर दुसऱ्या दिवशी रेवाताईंच्या घरी जाऊन माफी मागून आला. आता फळ्यावर प्रत्येक गटापुढे "तपासलेला" किंवा "ऐकीव" लिहावं लागतं. माझा एक स्क्रू ढिला आहे, भिंगावर ओरखडा आहे, पण त्या सकाळी मी उपयोगी पडलो. पुष्पाबाईंचे उपकार मी विसरणार नाही. रेवाताईंचेही, कारण त्यांनी हट्ट धरला नसता तर निरंजन कार्ड परत कव्हरमागे सरकवून घरी गेले असते.

बाईंनी कार्डावरच्या नंबरला फोन लावला, मला ऐकू येईल इतका मोठा आवाज होता. शिबिराचे आयोजक म्हणाले, "मॅडम जी, सात साल पुरानी बात है। जाँचने वाले भैया अब यहाँ रहते नहीं।" आणि वर अभिमानाने सांगितलं, त्या एका दिवसात दोनशे चाळीस कार्डं वाटली होती.

त्यातलं एक माझ्याखाली तपासलं गेलं आणि चुकीचं निघालं. उरलेल्या दोनशे एकोणचाळीस जणांना आजपर्यंत कोणीही परत बोलावलेलं नाही.