मागचं विमान

मित्रांनो, मी एक विमान आहे, आता जुनं झालेलं. पण मान वर करून मला आभाळात शोधू नका. मी वीतभर लांबीचा, सागवानी लाकडाचा, पोटात काठी खोवलेला. भोपाळच्या विमानतळाच्या कडेला एक छोटा फ्लाइंग क्लब आहे, त्याच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात मी राहतो. एकटा राहिलो असतो तर सुखात असतो. पण शेजारी थोरला, माझा जोडीचा भाऊ, आहे, आणि त्याच्यामुळेच मला एवढं सगळं बोलावं लागतंय.

आम्ही दोघे एकाच फळीचे. शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात अच्युतरावांनी आम्हाला घडवलं. नागपूरहून आलेलं त्यांचं घर, नोकरी सरकारी खात्यात, आणि हाताला सुतारकामाची हौस. त्यांची मुलगी रेवती क्लबात वैमानिक झाली, पुढे तिथेच शिकवायला लागली, तेव्हा कौतुकाने त्यांनी ही जोडी करायला घेतली. फळीच्या एका टोकाला सरळ, स्वच्छ रेषा होत्या. दुसऱ्या टोकाला गाठ. स्वच्छ टोकातून थोरला निघाला. गाठीतून कोण निघालं ते तुम्ही ओळखलंच असेल. "पुढचं रेवतीच्या सरांच्या हातात जाणार, ते देखणं झालं पाहिजे," असं म्हणत अच्युतरावांनी थोरल्याला रंगाचा एक हात जास्तीचा दिला. तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते अजून थांबलेलं नाही.

आमचं काम काय ते सांगतो. दोन छोटी विमानं आभाळात अगदी जवळजवळ, जोडीने उडतात ना, ती थेट वर जाऊन तशी उडत नाहीत. आधी जमिनीवर तालीम होते. फरशीवर खडूने धावपट्टी काढायची, भोपाळचा मोठा तलाव काढायचा, आणि दोघा वैमानिकांनी एकेक लाकडी विमान हातात धरून त्या रेघांवरून चालायचं. वर जे बोलायचं तेच इथे बोलायचं, वर जिथे वळायचं तिथेच इथेही वळायचं. बाहेरच्या माणसाला वाटावं, ही चांगली शिकलेली माणसं खेळणी घेऊन काय फिरताहेत.

थोरला असायचा नीळकंठ सरांच्या हातात. सर म्हणजे क्लबचे मुख्य शिक्षक. आवाज खणखणीत, मिशा पांढऱ्या, आणि सगळा जन्म भोपाळात गेल्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत शिरायचे. मी रेवतीच्या हातात. सर पुढे, ती मागे.

आता जोडीने उडण्याचा नियम ऐका. पुढच्याने रस्ता बघायचा, पक्षी बघायचे, इतर विमानं बघायची; दोघांच्या वाटणीचं बघणं त्याच्याकडे. मागच्याने फक्त पुढच्याकडे बघायचं. खाली तलाव कितीही सुंदर चमकत असो, नजर हलवायची नाही. दोघांमधलं अंतर सांभाळायची जबाबदारीही मागच्याचीच. म्हणजे टक्कर झाली की पहिला जाब मागच्याला. अहो, ज्याचं तोंड बघितलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, त्याच्याकडेच जन्मभर टक लावून बघत बसायचं, असलं काम माझ्या नशिबी आलं.

आणि लाड तरी किती व्हावेत त्याचे! शाळेची मुलं क्लब बघायला आली की आधी हात थोरल्याला. महाराणा प्रताप नगरातल्या वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला, तेव्हा सर थोरल्याला छातीशी धरून उभे राहिले आणि फोटोत माझं नुसतं नाक आलं. त्याला पुसायला मऊ फडकं. माझ्या पाठीवर एकदा कोणीतरी चहाचा कप टेकवला होता, त्याचा गोल डाग अजून आहे. मी हे सगळं विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

गेल्या हिवाळ्यात शहरात मोठा कार्यक्रम होता. दोन विमानांनी तलावावरून जोडीने जायचं ठरलं होतं. सरावाच्या दिवशी सकाळी नेहमीसारखी आमची तालीम झाली, अगदी बिनचूक. आम्हाला कपाटात ठेवून दोघं वर गेली. थोड्याच वेळात बाहेर पळापळ ऐकू आली, क्लबची जीप भरधाव निघून गेली.

झालं होतं ते असं. तलाव ओलांडल्यावर सर डावीकडे वळले. रेवती त्यांच्या डाव्या बाजूला, जरा मागे होती. तिच्या उजव्या पंखाचं टोक सरांच्या विमानाच्या शेपटीला लागलं. तिने आपलं विमान कसंबसं धावपट्टीवर आणलं. सरांना हरभऱ्याच्या शेतात उतरावं लागलं आणि त्यांचा पाय मोडला. दोघं वाचली हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला. पण लगेच मनात आलं, आता खापर कोणाच्या माथी?

ते रेवतीच्याच माथी फुटलं. "मॅडम जरा ज्यादाच चिकटून उडत होत्या," कँटीनमध्ये लोक बोलायचे. सरांकडे फळं, फुलं, भेटायला येणाऱ्यांची रीघ. रेवतीचं उडणं चौकशी होईपर्यंत बंद. ती रोज यायची, कपाटाजवळच्या खुर्चीत बसायची आणि आमच्याकडे बघायचीही नाही. लायसन्स गेलं तर पुन्हा विमानात बसायला मिळणार नाही, ही एकच भीती तिला खात होती. मला मात्र थोरल्याचा संताप यायचा, कारण इतकं होऊनही सहानुभूती त्याच्याच बाजूला.

चौकशीला कमलिनी मॅडम आल्या. अपघातांची चौकशी करणाऱ्या अधिकारी, माहेर साताऱ्याचं, त्यामुळे त्यांनी मराठीतच विचारायला सुरुवात केली. नीळकंठ सर प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर ठेवून टेबलामागे बसले होते. रेवती समोर उभी होती.

"मी आधी 'डावीकडे' म्हटलं, मगच वळलो," सर म्हणाले. "इतकी वर्षं उडतोय मॅडम, ये गलती मैं नहीं करता."

"मला आधी वळण दिसलं," रेवती म्हणाली. "शब्द नंतर ऐकू आला."

दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नव्हतं. रेडिओवरचं ते बोलणं कुठे साठवलेलंही नव्हतं. एका बाजूला सरांचं वय आणि नाव, दुसऱ्या बाजूला मागच्याच्या अंगावर येणारा नियम. रेवतीचं लायसन्स गेल्यातच जमा होतं.

मॅडमची नजर कपाटावर गेली. "रोज तालीम करता ना? मग आत्ता करून दाखवा. सर बसूनच करतील."

आम्हाला बाहेर काढलं. सरांनी थोरल्याला टेबलाच्या वर धरलं, टेबलापलीकडून रेवतीने मला त्याच्या डावीकडे, जरा मागे. आम्ही खडूच्या नाही, हवेतल्याच तलावावरून निघालो. पलीकडचा किनारा आला. थोरला वळला आणि सरळ माझ्या उजव्या पंखावर येऊन आदळला.

"डावीकडे," सर म्हणाले.

सर गोंधळले. "हात हलला माझा. फिर से करू." पुन्हा निघालो, पुन्हा तेच: आधी टक्कर, मग शब्द.

"पण रोज तर कधी धडकत नाही," सर हळू आवाजात म्हणाले.

रेवतीने वाकून टेबलापलीकडे बघितलं. "रोज तुम्ही उभे असता, सर. वळायच्या आधी तुमचं कोपर वर येतं. ते दिसलं की मी सरकते. मला वाटायचं, मी विमानाकडे बघतेय. आज कोपर टेबलाआड आहे."

"आणि वर, आभाळात?" मॅडमनी विचारलं.

"वर कोपर दिसतच नाही."

मित्रांनो, त्या घटकेला मी मनातल्या मनात नाचलो. सापडला एकदाचा थोरला! आता कळेल सगळ्यांना, म्हटलं. पण सर थोरल्याला टेबलावर ठेवून म्हणाले, "लिहा मॅडम. मी आधी वळतो आणि मग बोलतो. पोरीची चूक नाही."

"थोडी आहे, सर," रेवती म्हणाली. "वळणाच्या जरा आधी ऊन डोळ्यांवर आलं तेव्हा तुम्ही मला दिसत नव्हता. तसं सांगून तेव्हाच मी लांब व्हायला हवं होतं. आता दिसाल, आता दिसाल, म्हणून मी चिकटून राहिले, आणि दिसलात ते वळतानाच."

मॅडमनी दोन्ही लिहून घेतलं. मोठी जबाबदारी पुढच्याची ठरली, थोडी मागच्याची. रेवतीचं लायसन्स राहिलं. दुसऱ्या शिक्षकाबरोबर काही उड्डाणं करून दाखवायची, एवढीच अट पडली. सरांनी जोडीचं नेतृत्व आपणहून सोडलं. आणि काय सांगू, त्या दिवसापासून सगळा क्लब सरांचं नाव काढतो. चूक कबूल करावी तर अशी, म्हणतात. बघा, दोषसुद्धा थोरल्याच्या बाजूला गेला आणि जाताना मान वाढवून गेला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या नसत्या तरच नवल.

प्लॅस्टर निघाल्यावर सर काठी टेकत खोलीत आले. "आता पुढे तू," ते रेवतीला म्हणाले, "मी मागे चालतो. मलाही शिकू दे." रेवतीने कपाट उघडलं आणि थोरल्याला उचललं. मी सरांच्या हातात गेलो. मोठा, जाड, घामेजलेला हात. इतकी वर्षं मी थोरल्याच्या रंगावर जळत बसलो होतो. आता रेवतीचा हातही त्यालाच मिळाला. या जळण्यापुढे आधीचं जळणं काहीच नव्हतं.

खडूच्या तलावावरून आम्ही निघालो. किनारा आला तशी रेवती थांबली. "डावीकडे वळतेय," ती मागे माझ्याकडे बघून म्हणाली. सर "हो" म्हणाले, तेव्हा कुठे ती वळली. आमच्यात भरपूर अंतर राहिलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो शब्द थोरल्यासाठी नव्हताच. त्याला तिने हातात धरलंय, पण सांगते ती मला. वळण्याआधीचा शब्द नेहमी मागच्याचा असतो, तो पुढच्याला कधीच मिळत नाही.

म्हणून मित्रांनो, विनंती एवढीच. कोणी तुमच्यावर नजर ठेवून मागे येत असेल, तर वळण्याआधी त्याला सांगा, आणि त्याचं "हो" येईपर्यंत थांबा. तुम्ही मागे असाल आणि पुढचा दिसेनासा झाला, तर लाज न धरता तसं बोला आणि लांब व्हा. रेवती रोज सकाळी मला सांगते. थोरला तेव्हा गप्प ऐकत असतो.