दशरथचा चहा

धायरीतल्या आमच्या पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत आम्ही चौघं आहोत. बाहेरचं कुणी आलं तरच आम्ही एकमेकांशी सौजन्याने बोलतो. एरवी चार वाजता दशरथ चहा करतो आणि संपत रोज विचारतो, “दश्या, साखरेत चहा किती चमचे घातलास?”

“तुझ्या जिभेला गोडी येईपर्यंत,” दशरथ म्हणतो.

दिवाळीनंतर दशरथची बायको गेली. दिवसकार्य आटोपून तो कामावर आला आणि आम्ही सगळे बदललो. कुणी तसं ठरवलं नव्हतं. संपत त्याला ‘दशरथराव’ म्हणू लागला. सर्वांत लहान सृष्टी त्याच्या टेबलावरच्या बाटल्या उचलून न्यायची. “काका, राहू द्या, मी करते.” चहा मी करू लागले. तो खोलीत आला की हसणं थांबायचं.

महिन्याभराने तो माझ्यासमोर उभा राहिला. “मॅडम, मला आपल्या खराडीच्या लॅबला पाठवा.”

खराडी म्हणजे शहराचं दुसरं टोक. “तुमचं घर समोरच्या गल्लीत आहे,” मी म्हणाले. पूर्वी ‘तुझं’ म्हणाले असते. “तुमच्या मुलीची, तेजस्विनीची, दहावी आहे. संध्याकाळी ती एकटी पडेल.”

“माहीत हाय. पण घरी येणारी-जाणारी माणसं मला पाव्हण्यासारखं बसवून ठेवतात. वाटलं, इथं तरी…” तो थांबला. “सोमवारी सांगा.”

प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. त्याच्या आयुष्यातली एक गोष्ट आपसूक बदलली होती. उरलेल्या आम्ही बदलून टाकल्या होत्या. आम्ही रोज समोर होतो, तरी त्याला सापडत नव्हतो.

मी हे संपत आणि सृष्टीला सांगितलं. “म्हणजे काय, दुःखातल्या माणसाला टोमणे मारू?” संपत म्हणाला. मलाही खात्री नव्हती.

त्या दिवशी चार वाजता मी उठले नाही. “दशरथ,” मी म्हणाले, “चहा देणार आहेस, की तोही खराडीला पाठवायचा?”

सृष्टीचा हात बाटलीवर तसाच राहिला. दशरथने माझ्याकडे पाहिलं. मग उठून पातेलं घेतलं.

चहा आला. आम्ही एकेक घोट घेतला आणि कपात बघत बसलो. साखरच नव्हती.

संपतने घसा साफ केला. “दश्या,” तो म्हणाला, “आज सगळी भिस्त माझ्या जिभेवरच ठेवलीस का?”

दशरथने स्वतःचा चहा चाखला आणि हसला. हसता हसता डोळे भरून आले, तरी हसू थांबेना. कुणी त्याला पाणी दिलं नाही, बस म्हटलं नाही. तो बाहीने डोळे पुसत साखरेचा डबा आणायला गेला.

परत येताना म्हणाला, “मॅडम, ते खराडीचं राहू द्या.”

“वाचली खराडी,” संपत म्हणाला आणि त्याने कप पुढे केला.